नव्या पोरांना प्लगिन शोधत बसायला लावू नका, यादी प्रोजेक्टमध्येच टाका (व्हीएस कोड)

आपल्या कोल्हापुरात फाउंड्रीवाल्यांसाठी, साखर कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणारी चार-पाच जणांची ऑफिसं बरीच आहेत, आणि तिथं नवीन पोरगं आलं की पहिला दिवस ठरलेला असतो: व्हॉट्सॲपवर प्लगिनची नावं येतात, पोरगं एकेक नाव सर्च करतं, तसल्याच नावांची दहा दिसतात, मग जे वर दिसतंय ते टाकून मोकळं होतं. दोष पोराचा नाही, ती यादी प्रोजेक्टसोबतच यायला पाहिजे. व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये ही सोय आहे आणि एकदा केली की झालं.

आधी तुमच्याकडचं बरोबर एक्स्टेंशन (व्हीएस कोडमध्ये प्लगिनलाच एक्स्टेंशन म्हणतात) पक्कं करा. कंट्रोल-शिफ्ट-एक्स दाबा, एक्स्टेंशनचं पान उघडा आणि नुसतं नाव नको, आयडी बघा. आयडीत डॉटच्या आधी पब्लिशर (एक्स्टेंशन प्रसिद्ध करणारा) असतो, नंतर एक्स्टेंशनचं नाव, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या पायथनचा आयडी 'एमएस-पायथन डॉट पायथन'. नावं मिळतीजुळती असू शकतात, आयडी प्रत्येकाचा वेगळाच. पब्लिशरच्या नावापुढं निळी टिक आहे का तेही बघा, पण ती टिक म्हणजे पब्लिशरनं आपलं वेबसाइटचं डोमेन सिद्ध केलंय, कोड कुणी तपासून दिलाय असं नाही. एक्स्टेंशनला तुमच्या फायली वाचता येतात, त्यामुळं इथं घाई करूच नका.

आता यादी. त्याच पानावर गिअरवर क्लिक करा, 'ॲड टू वर्कस्पेस रेकमेंडेशन्स' निवडा. प्रोजेक्टमध्ये 'डॉट व्हीएसकोड' फोल्डर तयार होतो, त्यात 'एक्स्टेंशन्स डॉट जेसन' फाइल, आणि आत 'रेकमेंडेशन्स' नावाखाली चौकोनी कंसात आयडी. त्याच फाइलमध्ये 'अनवाँटेड रेकमेंडेशन्स' अशी दुसरी यादी पण करता येते, व्हीएस कोडनं जे सुचवू नये ते तिथं घालायचं. यादी छोटीच ठेवा. ज्याच्याशिवाय कोड नीट चालत नाही, फॉरमॅट होत नाही तेवढंच, थीम आणि आयकॉन ज्याचे त्याला निवडू द्या.

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो: फाइल गिटमध्ये (सगळ्यांच्या कोडमधले बदल नोंदवणारी सिस्टिम) जातच नाही. बऱ्याच प्रोजेक्टच्या गिटइग्नोरमध्ये (गिटनं काय वगळायचं त्याची फाइल) 'डॉट व्हीएसकोड स्लॅश' अशी ओळ असते, मग तुमच्याकडं सगळं दिसतं आणि बाकीच्यांकडं काहीच नाही. त्याखाली उद्गारचिन्ह लावून आपल्या फाइलची ओळ टाकली तरी उपयोग नाही, कारण अख्खा फोल्डरच वगळला असेल तर गिट आत डोकावतच नाही. वरच्या ओळीत स्लॅशनंतर स्टार टाका, मग खाली उद्गारचिन्ह आणि त्याला चिकटून 'डॉट व्हीएसकोड स्लॅश एक्स्टेंशन्स डॉट जेसन'. आता कमिट (बदल नोंदवा), पुश (सर्व्हरवर पाठवा).

यापुढं कुणी प्रोजेक्ट क्लोन करून (आपल्या मशीनवर उतरवून) उघडला की कोपऱ्यात 'इन्स्टॉल' विचारणारी सूचना येते. ती चुकून बंद केली तरी बिघडत नाही, एक्स्टेंशनच्या सर्चमध्ये ॲट-द-रेट लावून 'रेकमेंडेड' टाइप करायचं की यादी हजर.

कॉलेजच्या लॅबमध्ये नेट नसेल तर नेट असलेल्या मशीनवर एक्स्टेंशनच्या गिअरमधून व्हीएसआयएक्स फाइल (एक्स्टेंशनचं इन्स्टॉल करायचं पॅकेज) डाउनलोड करा, पेनड्राइव्हवर न्या आणि एक्स्टेंशन पॅनेलच्या तीन टिंबांमधून 'इन्स्टॉल फ्रॉम व्हीएसआयएक्स' करा. काही एक्स्टेंशनची विंडोज आणि लिनक्सची फाइल वेगळी असते, लॅबच्या मशीनवर काय आहे ते बघूनच डाउनलोड करा. आणि तिथंसुद्धा सगळ्या मशीनवर टाकायच्या आधी एका मशीनवर टाकून प्रोजेक्ट चालवून बघा, सरळ चालला तरच बाकीच्यांवर टाका.