उन्हाळ्याच्या सुट्टीत शहापूर-मुरबाडकडे: ठाणेकरांसाठी नियोजनाची दिशा

ठाणे जिल्ह्याच्या सात तालुक्यांपैकी शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके आजही मुख्यतः शेतीचे, जंगलाचे आणि आदिवासी पाड्यांचे आहेत. ठाणे स्थानकातून कसारा मार्गावरील लोकल पकडली, तर साधारण सव्वा तासात आसनगाव येते. मुरबाडसाठी कल्याणच्या आगारातून एसटी मिळते. तरीही उन्हाळ्यात या भागात जायचे असेल, तर पावसाळी सहलीची सवय बाजूला ठेवून वेगळे नियोजन करावे लागते, कारण येथील मे महिना दोन गोष्टींभोवती फिरतो: ऊन आणि पाणी.

आधी उन्हाचे पाहू. ठाणे शहराला खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याचा थोडा तरी आधार असतो. मुरबाड-शहापूरच्या सखल भागापर्यंत तो वारा फारसा पोचत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत तेथील पारा अनेकदा ४० अंशांच्या पुढे जातो. म्हणून दिवसाची आखणी गावकऱ्यांप्रमाणेच करावी. पहाटेच्या लोकलने निघून सकाळी दहापर्यंत चालणे-फिरणे आटोपावे, अकरा ते चार हा वेळ सावलीत, जेवणात आणि विश्रांतीत घालवावा आणि उरलेले फिरणे सूर्य कलल्यावर करावे. एका दिवसात परतण्यापेक्षा एक रात्र मुक्काम ठेवणे मला अधिक योग्य वाटते, कारण उन्हाळ्यात येथील खरा आनंद पहाटे आणि रात्री आहे.

मुक्कामासाठी कृषी पर्यटन केंद्रे आहेत. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आल्यापासून अशा केंद्रांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. आरक्षणापूर्वी ती नोंदणी विचारून घ्यावी. त्याहून महत्त्वाचा प्रश्न पाण्याचा आहे. तानसा आणि भातसा हे मुंबईला पाणी देणारे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत. तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले, तर भातसा आज मुंबईचे जवळजवळ निम्मे पाणी पुरवते. असे असूनही याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ज्या गावाची विहीर आटत आलेली आहे, तेथे पोहण्याचा तलाव आणि कृत्रिम पावसाचे नृत्य पुरवणारे ठिकाण निवडणे मला मनापासून खटकते. केंद्राचे पाणी कोठून येते, हे आरक्षण करतानाच विचारावे, अंघोळ बादलीभर पाण्यात करावी आणि पिण्यासाठी माणशी किमान तीन लिटर पाणी घरूनच न्यावे. पाड्यावरच्या हंड्यातले पाणी मागण्याची वेळ स्वतःवर येऊ देऊ नये.

नदीकाठी जाण्याचा मोह होतोच. खडवली स्थानकाजवळील भातसा नदी उन्हाळ्यातही वाहती असते, कारण मुंबईसाठी धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातूनच खाली पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथे ते उचलले जाते. ही वाहती नदी जितकी सुखद, तितकीच धोक्याची आहे. वरून सोडलेल्या पाण्याचे प्रमाण वाढले की पातळी चढते, पात्रातील डोह वरून ओळखू येत नाहीत आणि येथे बुडून मृत्यू झालेले आहेत. लहान मुलांना घोट्याएवढ्या पाण्यापलीकडे जाऊ देऊ नये आणि सूचना फलक असलेल्या ठिकाणी कोणीही उतरू नये. तानसा आणि भातसा धरणांच्या भिंतींवर परवानगीशिवाय प्रवेश नसतो, त्यामुळे केवळ त्यासाठी प्रवास आखू नये.

किल्ल्यांपैकी माहुली आसनगावपासून जवळ आहे. पायथ्याच्या गावापर्यंत रिक्षा मिळते. १६३६ मध्ये शहाजीराजांनी मोगल आणि आदिलशाही फौजांना याच गडावर तोंड दिले, म्हणून इतिहासप्रेमींना तेथे जावेसे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र चढाई दोन-तीन तासांची आहे आणि गडावरच्या टाक्यांवर मे महिन्यात विसंबून राहता येत नाही. अनुभवी मंडळींनी उजाडतानाच चढाई सुरू करावी. कुटुंबासह आलेल्यांनी पायथ्याच्या जंगलातील सकाळचा फेरफटका पुरेसा मानावा. मुरबाड तालुक्यातील गोरखगडाच्या उघड्या कातळावरील पायऱ्या तर उन्हाळ्यात टाळाव्यातच. वज्रेश्वरी-अकलोलीची गरम पाण्याची कुंडे हिवाळ्यासाठी राखून ठेवावीत.

ज्यांना थोडी चाल आणि थोडा वारा दोन्ही हवे आहेत, त्यांनी कल्याणहून माळशेजमार्गे आळेफाट्याकडे जाणारी एसटी घेऊन वैशाखरे येथे उतरावे आणि पहाटेच नाणेघाट चढावा. माथ्याजवळच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. कल्याण आणि सोपारा बंदरांतून जुन्नरकडे जाणारा माल ज्या वाटेने वर चढत असे, ती वाट पायाखाली घातल्यावर तो लेख वेगळाच भासतो. गुहेची सावली थंड असते; दुपार तेथेच काढून ऊन उतरल्यावर परत फिरावे.

मेच्या उत्तरार्धात, पहिल्या पावसाच्या आधी, मुरबाड तालुक्यातील सिद्धगड किल्ल्याच्या परिसरातील झाडे काजव्यांनी उजळतात, आणि या सुट्टीत एकच गोष्ट पाहायची असेल तर मी हीच सुचवीन. काजवे जोडीदाराला साद घालण्यासाठी चमकतात. गाडीचे दिवे, मोबाइलचा झोत आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश त्या संवादात थेट अडथळा आणतात. गाडी गावातच उभी करावी, स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा, विजेरीवर लाल कागद लावून ती जमिनीकडे धरावी आणि झाडाखाली अंधारात शांत उभे राहावे. हा परिसर भीमाशंकर अभयारण्याला लागून आहे, म्हणून वनविभागाचे नियम आधी विचारावेत. वाळलेल्या गवतात एक ठिणगीही वणवा पेटवते, तेव्हा शेकोटी आणि सिगारेट दोन्ही वर्ज्य समजावे. येथेच २ जानेवारी १९४३ रोजी स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांशी लढताना हुतात्मा झाले. दिवसाउजेडी त्यांच्या स्मारकाला भेट अवश्य द्यावी.

खाण्याची ददात पडत नाही. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, वालाचे बिरडे आणि कैरीची चटणी असे जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवल्यास गावातील घरांतून मिळते. करवंदे मे महिन्यात पिकतात आणि जांभळे त्यांच्या मागोमाग येतात. ठाकर आणि कातकरी बायका ती पानांच्या द्रोणांतून रस्त्याकडेला विकतात. त्यासाठी त्या भल्या पहाटे काट्यांत फिरलेल्या असतात, म्हणून भाव पाडून मागू नये.

परतीसाठी कसारा मार्गावरील लोकलचे वेळापत्रक निघण्यापूर्वीच लिहून घ्यावे, कारण कल्याणच्या पुढे गाड्या विरळ होतात आणि एक चुकली तर बराच वेळ थांबावे लागते. स्वतःच्या वाहनाने गेलेल्यांनी रविवारची संध्याकाळ टाळावी. त्या वेळी नाशिक महामार्गावर भिवंडीपासून माजिवड्यापर्यंत रांगा लागतात. त्याऐवजी सोमवारी पहाटे निघाल्यास मुक्कामाची आणखी एक रात्रही पदरात पडते.