लाँग रनमध्ये पायांआधी डोकं थकतं, त्यावर काय करायचं

फुल मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांना हे ओळखीचं असेल, दम लागलेला नाही, पायात गोळे नाहीत, तरी २८-३० किलोमीटरला आतून कोणीतरी म्हणतं बास आता, चाल. ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत साठवलेली साखर, संपत आलेलं असतं हे आहेच, पण यात मेंदूतल्या सेरोटोनिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाचाही हात असावा असं १९८७ मध्ये ऑक्सफर्डच्या एरिक न्यूजहोम यांनी मांडलं.

सेरोटोनिन बनतं ट्रिप्टोफॅन या अमिनो ॲसिडपासून, आणि ट्रिप्टोफॅन मेंदूत ज्या दारातून शिरतं त्याच दारातून बीसीएए (ब्रँच्ड-चेन अमिनो ॲसिड, हीपण अमिनो ॲसिडच) पण शिरतात, म्हणजे विरार लोकलसारखी रेटारेटी. दोनेक तास पळालं की स्नायू बीसीएए वापरायला लागतात, तिकडे रक्तात फॅटी ॲसिड वाढतात, ती रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेल्या ट्रिप्टोफॅनला हुसकावतात, मग मोकळं ट्रिप्टोफॅन वाढतं, दारात स्पर्धा कमी झालेलीच असते, सरळ आत, मग मेंदूत सेरोटोनिन वाढतं आणि थकवा जाणवतो, असा हा अंदाज.

मग बीसीएएची पावडर घ्यायची का? नको. जिमवाले हेच लॉजिक सांगून डबा विकतात, पण १९९५ मध्ये नेदरलँड्समध्ये सायकलपटूंना ट्रिप्टोफॅन आणि बीसीएए दोन्ही आलटूनपालटून देऊन बघितलं, किती वेळ टिकतात यात काही फरक पडला नाही, उलट बीसीएएने रक्तातला अमोनिया वाढला.

त्यापेक्षा साखर घ्या, आणि भूक लागायच्या आधी घ्या. कार्ब मिळत राहिले की फॅटी ॲसिड फार चढत नाहीत, म्हणून मोकळं ट्रिप्टोफॅनही दबून राहतं, शिवाय स्नायूंना इंधन मिळतं ते वेगळंच. ताशी ३० ते ६० ग्रॅम धरा. घरी करायचं तर अर्धा लिटर पाण्यात ६-७ चहाचे चमचे साखर, लिंबू, चिमूटभर मीठ, झाले साधारण ३० ग्रॅम. पहिल्या अर्ध्या तासातच दोन-चार घोट सुरू करा, मग दर १५-२० मिनिटांनी, मुंबई मॅरेथॉनमधला पेडर रोडचा चढ समोर दिसल्यावर एनर्जी जेलचं पाकीट फोडून उपयोग नसतो. पोट बिघडलं असेल आणि गिळवत नसेल तर गोड पाण्याने नुसती चूळ भरा, हसू नका, २००४ च्या एका प्रयोगात तासाभराच्या सायकलिंगला नुसत्या चुळीने जवळपास ३ टक्के फायदा दिसला, तोंडाकडून मेंदूला निरोप जातो बहुतेक.

उकाड्याचा विचार वेगळा करा. मेंदूत डोपामाइन (हुरूप देणारं रसायन) वाढवणारं एक औषध देऊन बघितलं तेव्हा ३० अंशांत सायकलपटू फास्ट गेले, १८ अंशांत काहीच फरक नाही. औषध घ्या असं अजिबात म्हणत नाहीये, मुद्दा एवढाच की गरमीत डोक्याचा ब्रेक लवकर लागतो, म्हणून रेसआधी १०-१४ दिवस त्याच हवेत हळू पळून सवय करा, आणि डोक्यावर पाणी ओतायला लाजू नका.

सेरोटोनिनला व्हिलन मात्र करू नका. थोडं असलं तर मज्जारज्जूतल्या मोटर न्यूरॉनना (स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशींना) ते जोरच देतं, खूप वेळ जोर लावल्यावर ते ओसंडतं आणि मग त्याच न्यूरॉनना दाबतं, कासवांवरच्या २०१३ च्या कामात हे दिसलं. म्हणून डिप्रेशनच्या गोळ्या (त्यातल्या बऱ्याच सेरोटोनिन वाढवतात) चालू असतील तर टायमिंग सुधारायला त्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांशी बोला, गोळ्या आणि दमणं यावरचे निकाल तसेही उलटसुलट आहेत.

कॉफीचा रस्ता वेगळा, ती ॲडिनोसिनला, म्हणजे मेंदूला थकवा जाणवून देणाऱ्या रसायनाला, अडवते. वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम कॅफीन, सुटायच्या तासभर आधी, म्हणजे ६० किलोवाल्याला १८० मिलिग्रॅम. पण आधी एखाद्या रविवारच्या लाँग रनला ट्राय करा, कॉफीने पोट कसं वागतं ते रेसच्या दिवशी टॉयलेटच्या लाइनमध्ये कळायला नको.