कामावरील अपघात कळवताना: मुदत, नोंद आणि मजकूर

कामाच्या ठिकाणी कोणी जखमी झाल्यास आधी उपचार करावेत आणि मग अपघाताची जागा शक्य तितकी जशीच्या तशी राखावी, हे बहुतेकांना ठाऊक असते. गोंधळ होतो तो मुदतीचा. ती देशागणिक बदलते. अमेरिकेत मृत्यूची खबर ८ तासांत द्यावी लागते, तर रुग्णालयात उपचारासाठी दाखल करावे लागल्यास, अवयव तुटल्यास किंवा डोळा गमावल्यास २४ तासांत. ब्रिटनच्या २०१३ च्या नियमांनुसार कामगार सलग सात दिवसांहून अधिक काळ नेहमीचे काम करू शकला नाही, तर अपघातापासून १५ दिवसांत अहवाल पाठवावा लागतो. हे दिवस मोजताना अपघाताचा दिवस सोडतात, पण सुट्टीचे दिवस धरतात. म्हणजे सोमवारी पाय मुरगळला, तर मंगळवार हा पहिला दिवस आणि पुढचा सोमवार सातवा; त्यानंतरच्या मंगळवारीही कामगार कामावर येण्याच्या स्थितीत नसेल, तर ती बाब कळवण्याजोगी ठरते.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते कोणालाही इजा न झालेल्या धोकादायक घटनांकडे. क्रेनचा भार पेलणारा भाग तुटून ओझे खाली आले आणि सुदैवाने खाली कोणी नव्हते, तरी ब्रिटनमध्ये ते कळवणे बंधनकारक आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००२ च्या प्रोटोकॉलमध्येही अपघात आणि व्यावसायिक आजार यांच्या जोडीने अशा घटनांची नोंद व सूचना अपेक्षित आहे.

आजाराच्या बाबतीत घटनेची ठरावीक वेळ नसते. त्यामुळे डॉक्टरांचे लेखी निदान हाती येताच, कामगार नेमके कोणते काम करतो याच्याशी ते ताडून पाहावे. सतत हादरणारी अवजारे हाताळणाऱ्याची बोटे बधिर होणे आणि रसायनांमुळे त्वचादाह होणे ही त्याची नेहमीची उदाहरणे.

अहवालाचा मजकूर लिहिताना मात्र हात आखडता घेऊ नये आणि निवाडाही देऊ नये. ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे हात अडकला’ हे वाक्य चौकशीपूर्वीच दोष ठरवते, ‘पट्टा चालू असताना अडकलेला कागद काढताना उजव्या हाताची दोन बोटे रोलरमध्ये गेली, त्या वेळी जाळी बसवलेली नव्हती’ हे वाक्य अधिकाऱ्याच्या खरोखर उपयोगी पडते. कळवणे म्हणजे दोष कबूल करणे, ही भीती अनाठायी आहे. पाठवलेल्या अहवालाची प्रत व पोच मूळ नोंदीसोबत जपावी. ब्रिटनमध्ये अशा नोंदी किमान तीन वर्षे ठेवाव्या लागतात.