जनुकं पेशीत नेणारं नॅनोइमल्शन: या चुका टाळा

नॅनोइमल्शन म्हणजे पाण्यात तरंगणारे तेलाचे अतिसूक्ष्म थेंब; त्यांवर धन भाराचं लिपिड असलं की ऋण भाराचं डीएनए त्यांना चिकटतं. प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारं गोल डीएनए) मिसळल्यावर इमल्शनने कणी धरली की पहिला संशय प्लाझ्मिडवर जातो. लोक नवं प्लाझ्मिड काढायला बसतात. त्याआधी वहीतलं लिपिड आणि डीएनएचं गुणोत्तर तपासा.

आमच्याकडे एक विद्यार्थिनी होती, हुशार आणि कष्टाळू. १ मायक्रोग्रॅम प्लाझ्मिडला ती २ मायक्रोग्रॅम डॉटॅप (धन भाराचं लिपिड) घ्यायची आणि वहीत ‘लिपिड दुप्पट’ असं लिहायची. नुसतं इमल्शन सुरेख होतं: थेंब १३० नॅनोमीटर, झीटा पोटेन्शियल, म्हणजे थेंबाच्या पृष्ठभागावरच्या भाराचं माप, +४२ मिलिव्होल्ट. प्लाझ्मिड घातलं की अर्ध्या तासात गुठळ्या. तीन आठवडे तिने तेल बदललं, सर्फॅक्टंट (थेंब फुटून एकत्र होऊ नयेत म्हणून घातलेला साबणासारखा पदार्थ) वाढवला, प्लाझ्मिड दोनदा नव्याने काढलं. शेवटी एका संध्याकाळी आम्ही कागद घेऊन बसलो. १ मायक्रोग्रॅम डीएनएत साधारण ३ नॅनोमोल फॉस्फेट, म्हणजे तेवढेच ऋण भार. डॉटॅपच्या रेणूवर धन भार एकच, आणि रेणूभार सुमारे ७००. म्हणजे नुसती बरोबरी साधायलाच २.१ मायक्रोग्रॅम डॉटॅप लागतं! तिचं ‘दुप्पट’ प्रत्यक्षात जवळजवळ एकास एक होतं. भार एकमेकांना मारत होते आणि थेंबांना लांब ठेवायला काही उरत नव्हतं. डॉटॅप ८.५ मायक्रोग्रॅमवर नेलं, म्हणजे भार चारास एक झाले, आणि त्याच प्लाझ्मिडने दिवसभर त्रास दिला नाही.

म्हणून मी वजनातलं गुणोत्तर वहीत लिहूच देत नाही. लिपिडचा धन भाराचा नायट्रोजन आणि डीएनएचं फॉस्फेट मोलमध्ये मोजा, आणि त्यांच्या गुणोत्तराच्या ०.५ पासून ८ पर्यंत पाच-सहा पायऱ्या लावा. लिपिड वाढवत नेलं की पेशी मरू लागतात, तेव्हा प्रत्येक पायरीवर पेशी किती जगल्या तेही बघा. मिसळताना मी डीएनए इमल्शनमध्ये घालते, उलट कधीच नाही. इमल्शन थेंबथेंब डीएनएत सोडलं तर मिश्रणाला भारशून्य टप्प्यातून जावंच लागतं. दोन्ही समान आकारमानाला विरळ करायचं, डीएनए एका दमात घालायचं, पिपेटने दोन-तीनदा वरखाली करायचं आणि अर्धा तास हात लावायचा नाही. हा अर्धा तास ज्यांना जड जातो, त्यांचे आकडे दर वेळी वेगळे येतात.

हे मिश्रण पीबीएसमध्ये (पेशींसाठी वापरतात त्या खारट फॉस्फेट बफरमध्ये) करू नका. तेवढ्या मिठात भाराचा प्रभाव जेमतेम एक नॅनोमीटरपर्यंत पोचतो. १० मिलिमोलर बफर घ्या, समपरासारी करायला (म्हणजे पेशींतून पाणी आत-बाहेर ओढलं जाऊ नये म्हणून) ग्लिसरॉल किंवा सुक्रोज वापरा.

माझा दुसरा राग पहिल्या दिवशीच्या आकड्यावर. नॅनोइमल्शन ऊष्मागतिकीच्या दृष्टीने अस्थिरच असतं, आपण फक्त त्याच्या बिघडण्याचा वेग कमी करतो. तयार केल्याबरोबर मोजून ‘स्थिर’ लिहिणं म्हणजे परीक्षेआधी निकाल लावणं. ४ आणि २५ अंशांवर ठेवा. दिवस १, ७, १४ आणि ३० ला मोजा. त्रिज्येचा घन वेळेसमोर मांडल्यावर सरळ रेषा आली तर बहुधा ओस्टवाल्ड रायपनिंग चालू आहे: लहान थेंबांतलं तेल पाण्यातून मोठ्या थेंबांकडे सरकतंय. इथे घाईने आणखी सर्फॅक्टंट ओतणारे बरेच भेटतात. दुखणं तेलाच्या पाण्यातल्या विद्राव्यतेत आहे. लांब साखळीचं ट्रायग्लिसराइड किंवा स्क्वालीन मिसळून बघा.

डीएनए घातल्यावर प्रोब सोनिकेटर लावू नका, प्लाझ्मिडचे तुकडे होतात. त्याआधी लावला असेल तर प्रोबमधून सुटलेले टायटॅनियमचे कण सेंट्रिफ्यूज करून काढा. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळल्यावर आकार आणि लिपिडचं प्रमाण पुन्हा मोजा. सुक्रोज किंवा ट्रेहॅलोजशिवाय गोठवू नका. डीएलएसमध्ये (विखुरलेल्या प्रकाशावरून थेंबांचा आकार मोजण्याच्या पद्धतीत) प्रकाश त्रिज्येच्या सहाव्या घातानुसार विखुरतो, म्हणून थोडेसे मोठे थेंबही सरासरी खेचून नेतात, पीडीआय (आकार किती विखुरलेले आहेत त्याचा आकडा) ०.२ च्या वर गेला तर नुसत्या सरासरीवर बोलू नका.

आणि जेल. त्यात विजेच्या जोरावर मोकळं डीएनए खाली सरकतं, बांधलेलं सरकत नाही. डीएनए खाचेतच अडकून राहिलं की लोक खूश होतात. ते घट्ट बांधलं गेलंय, एवढंच त्यातून कळतं. पेशीत गेल्यावर ते सुटायलाही हवं. त्याच जेलवर शेजारच्या खाचेत हेपॅरिन (लिपिडवरून डीएनएला हुसकावणारा ऋण भाराचा रेणू) घातलेला नमुना लावा. तिथेही पट्टा खाली उतरला नाही, तर लिपिडची पायरी एक खाली आणा आणि मगच पेशींना हात लावा.