जुन्या स्पिटफायरची बॉडी चॅसीवरून उचलताना

१९६२ ते १९८० या काळात तयार झालेली ट्रायम्फ स्पिटफायर ही उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार वेगळ्या पोलादी चॅसीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, बांधलेली असल्याने तिची बॉडी उचलता येते; परंतु वर छप्पर नसल्यामुळे ती दारांच्या जागी वाकते, आणि एकदा वाकली की दारे पुन्हा नीट बसत नाहीत. म्हणून नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी पाइप कापून आणावेत आणि दारांच्या फटी सारख्या असतानाच दोन्ही बाजूंना दारांच्या पुढच्या-मागच्या खांबांमध्ये आडवे आधार पक्के करावेत. माझ्या मते या कामात घाई अजिबात करू नये.

मग बॉनेट व बॅटरी काढावी, पेट्रोल रिकामे करावे, वायरिंग, ब्रेक-क्लचचे पाइप, स्टीअरिंगचा दांडा आणि हँडब्रेकची केबल सोडवावी. बॉडी चॅसीला धरून ठेवणाऱ्या गंजलेल्या बोल्टांना आदल्या रात्रीच तेल सोडावे आणि मग ते काढावेत. त्यांच्याखालच्या चकत्या जागा लिहिलेल्या वेगवेगळ्या पिशव्यांत जपाव्यात, कारण जोडणीच्या वेळी दारांच्या फटी त्यांवरच ठरतात.

उचलताना चारही कोपऱ्यांवर माणसे असावीत आणि सूचना एकानेच द्याव्यात. बोटभर उचलून थांबावे व एखादी वायर ताणली जात नाही ना, हे पाहावे. अधांतरी बॉडीखाली कोणीही जाऊ नये; चॅसी बाहेरूनच ढकलून काढावी आणि बॉडी भक्कम लाकडी घोड्यांवर टेकवावी.