मेडलांचा डबा सापडला तर आधी चिंच बाजूला ठेवा

पलटणीत 26 वर्षं क्लार्की केली. त्यामुळे गावात कुणाच्या ट्रंकेतून मेडलं निघाली की डबा माझ्या ओट्यावर येतो. गेल्या श्रावणात शेजारच्या सूनबाई सासऱ्यांचा डबा घेऊन आल्या. सासरे मेजर म्हणून निवृत्त झालेले. सासूबाईंनी दर दिवाळीला तांब्याच्या घागरीबरोबर मेडलंही चिंच-राखेनं घासलेली. चकाकी बघण्यासारखी, पण कडेवरचं नाव निम्मं गेलेलं.

तर पहिली गोष्ट: घासायचं नाही. पॉलिश नको, चिंच तर नकोच. सुती कोरड्या फडक्यानं धूळ टिपायची, बस. आणि रबरबँड लावून ठेवू नका, चांदी काळी पडते.

मग खोलीत अंधार करा आणि टॉर्च मेडलाच्या बाजूनं, आडवा धरा. समोरून उजेड मारला तर काही दिसत नाही. आडव्या उजेडात झिजलेलं अक्षरही सावली टाकतं. गोल मेडल असेल तर कडेवर बघायचं, तारा असेल तर पाठीवर. तिथं नंबर, हुद्दा, नाव, युनिट असतं. दिसेल तसं उतरवून घ्या, अंदाजानं भरू नका.

नंबराच्या आधीची दोन अक्षरं सोडू नका. ‘आयसी’ म्हणजे कायम कमिशन, अधिकारी म्हणून कायमची नेमणूक; ‘एसएस’ म्हणजे शॉर्ट सर्व्हिस, ठरावीक वर्षांची; ‘जेसी’ म्हणजे सुभेदार-नायब सुभेदार मंडळी. ‘ईसी’ म्हणजे चीनच्या लढाईनंतर घाईनं अधिकारी भरले, ते इमर्जन्सी कमिशन.

सूनबाईंच्या डब्यात 1965 चं रक्षा मेडल होतं, त्यावर ‘ईसी’ आणि सेकंड लेफ्टनंट. 1971 च्या लढाईच्या ‘पूर्वी स्टार’ या मेडलाच्या पाठीवर ‘आयसी’, वेगळाच नंबर, आणि कॅप्टन. घरच्यांना वाटायचं, दुसऱ्या कुणाचं तरी मेडल चुकून आलंय. चूक कसली! इमर्जन्सीवाल्यांतून निवड होऊन साहेबांना कायम कमिशन मिळालं, तेव्हा नंबर बदलला. ‘पूर्वी स्टार’ म्हणजे बांगलादेशची आघाडी, हेही कळलं. कडेवरचा हुद्दा त्या वेळचा असतो, निवृत्तीचा नव्हे. म्हणून मेडलं हुद्द्याच्या क्रमानं मांडली की नोकरीचा जिना दिसतो. स्वातंत्र्याच्या पंचविशीचं मेडल असेल तर 15 ऑगस्ट 1972 ला माणूस नोकरीत होता, एवढं पक्कं. त्याला शौर्यपदक समजून पेढे वाटलेलं घरही मी पाहिलंय!

शौर्यपदकाचं नाव जुन्या कागदात वेगळं दिसलं तर घाबरू नका. आपल्या कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात घ्या. त्यांच्या नावापुढे केसी आणि डीएसओ लागतं. डीएसओ हा ब्रिटिश लष्करी सन्मान, 1945 चा, ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत पंजाब रेजिमेंटची पलटण लढवली त्याचा. केसी म्हणजे कीर्ती चक्र, पण कोरियात 1953-54 ला युद्धकैदी सांभाळणाऱ्या भारतीय फौजेची कमान केली, त्याबद्दल मिळालं तेव्हा त्याचं नाव होतं अशोक चक्र, वर्ग दोन. कीर्ती चक्र हे नाव आलं 1967 ला. थोरातसाहेब 1961 लाच निवृत्त झाले होते. तुमच्या घरात ‘अशोक चक्र, वर्ग तीन’ असा कागद निघाला तर ते आजचं शौर्य चक्र.

पुढची चौकशी नंबरावर होते, नावावर नाही. जवान किंवा सुभेदार असतील तर त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे. अधिकारी असतील तर दिल्लीला, सेना मुख्यालयात. अर्ज लिहिता येत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, डबा नाही, फोटो घेऊन.

सूनबाईंच्या आयसी नंबराचे मधले दोन आकडे टॉर्चनंही लागेनात. मग डब्याच्या तळाशी वर्तमानपत्राच्या पुडीत नऊ वर्षं सेवेचं मेडल निघालं. काळंकुट्ट, कधीच न घासलेलं. त्याच्या कडेवर सगळा नंबर होता.