नागपुरात कॅन्सरचा पेशंट घेऊन येताय? आधी हे वाचा

बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये कार्सिनोमा लिहून आलं की घरचे लोक हादरतात आणि दुसऱ्याच दिवशी चंद्रपूर, गोंदिया, बालाघाटवरून गाडी करून नागपूर गाठतात, आणि इथे ओपीडीत नंबर लागल्यावर कळतं की ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा, तर तिकडच्या लॅबमध्येच राहिला. म्हणून निघायच्या आधी लॅबमधून मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड्स मागून घ्या, नुसता कागद पुरत नाही. कॅन्सर सेंटरचे पॅथॉलॉजिस्ट स्लाइड स्वतः परत बघतात, लागलं तर त्याच ब्लॉकवर आयएचसी टेस्ट (कॅन्सरचा नेमका प्रकार ओळखायची) होते, आणि बरेचदा पेशंटला परत सुई टोचावी लागत नाही. सीटी, एमआरआय झाला असेल तर त्याची सीडी पण घ्या.

जायचं कुठे, तर तुकडोजी पुतळ्याजवळ राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, वर्धा रोडवर जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, शिवाय मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) आणि मिहानचं एम्स. जामठ्याला जायचं तर स्टेशनवरून मेट्रो पकडा, सीताबर्डीला बदलून खापरीला उतरा आणि पुढे ऑटो करा.

कुठेही गेलात तरी कॅशचं बिल फाडायच्या आधी आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलमध्ये सरकारी योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला भेटा. रेशन कार्ड, आधार कार्ड ओरिजिनल लागतं. महात्मा फुले जनआरोग्य योजना कॅशलेस आहे, आधी मंजुरी मग ट्रीटमेंट, स्वतः भरलेले पैसे नंतर मिळतील ह्या भरवशावर राहू नका.

डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा, केस ट्यूमर बोर्डात ठेवली का? म्हणजे सर्जन, किमोवाले आणि रेडिएशनवाले एकत्र बसून ठरवतात की आधी काय करायचं. हे विचारलं म्हणून कोणी रागावत नाही, आणि रागावले तरी विचारा.

आपल्याकडे खर्र्यामुळे (तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण) तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट खूप. तोंडाला रेडिएशन असेल तर सुरू व्हायच्या आधी दातांच्या डॉक्टरला दाखवा, खराब दात आधीच काढून घ्या, कारण रेडिएशननंतर दात काढला तर जबड्याचं हाड भरून यायला फार त्रास होतो. तोंड उघडायचा व्यायाम सांगतील तो रोज करा, कंटाळा केला तर तोंड आखडतं आणि मग घास जात नाही. आणि खर्रा आता पूर्ण बंद, घरातल्या बाकीच्यांनी पण समोर घोटायचा नाही प्लीज.

आता सगळ्यात महत्त्वाचं. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात, तेव्हा 100.4 फॅरनहाइट किंवा त्याच्या वर ताप आला तर ती इमर्जन्सी असते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये अंग तापलं की लोक म्हणतात ऊन लागलं, मग पन्हं द्या, कांदा फिरवा, पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत बघू. असं अजिबात करू नका!! गोळीने ताप उतरतो पण आतलं इन्फेक्शन वाढतच राहतं, काही तासांत बीपी पडू शकतं आणि जीवावर बेततं. थर्मामीटर घरात ठेवा, रात्रीचे दोन वाजले तरी निघा, आणि कॅज्युअल्टीत पोहोचल्यावर पहिलं वाक्य हेच बोला की पेशंट किमोचा आहे, अमुक तारखेला डोस झालाय. गाव लांब असेल तर जवळचं कोणतं हॉस्पिटल रात्री अँटिबायोटिकचं इंजेक्शन सुरू करेल हे डिस्चार्जच्या वेळीच विचारून फोन नंबर लिहून ठेवा.

कोणी क्लिनिकल ट्रायलबद्दल, म्हणजे नवीन उपचाराच्या अभ्यासात भाग घेण्याबद्दल विचारलं तर घाबरू नका. संमतीचा फॉर्म मराठीत मागा, घरी नेऊन वाचा, ट्रायल सीटीआरआयवर (ट्रायल्सच्या सरकारी नोंदणीच्या वेबसाइटवर) नोंदलेली आहे का बघा. नाही म्हटलं तरी नेहमीची ट्रीटमेंट चालूच राहते.

आणि हो, रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म हॉस्पिटलमधून सही-शिक्क्यासकट घ्या. ट्रीटमेंटला येताना-जाताना स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटचं भाडं माफ असतं, सोबतच्या एकाला 75 टक्के सूट मिळते.